मुलांना उत्तर आयर्लंड सांगायचे तर घरांच्या यादीपासून

एप्रिल महिना आपल्याकडे जयंतीचा. ११ तारखेला जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. वस्त्यावस्त्यांत व्याख्याने होतात, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा होतात, प्रश्नमंजूषा होतात. याच महिन्याच्या १० तारखेला, १९९८ साली, बेलफास्ट शहरात एक करार झाला. गुड फ्रायडे करार या नावाने तो ओळखला जातो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो एका ओळीत येतो आणि पुढच्या ओळीत त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल येते: जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल. मुले हे पाठ करतात. पण एखाद्या मुलीने हात वर करून विचारले की सर, मुळात भांडण कशाचे होते, तर आपले चांगले वाचलेले कार्यकर्तेसुद्धा सांगून मोकळे होतात: तिथे ख्रिस्ती धर्माचे दोन पंथ होते, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. ते एकमेकांचा द्वेष करायचे. तीस वर्षे लढले, थकले, मग त्यांनी हात मिळवले.

हे उत्तर नुसते अपुरे असते तर आम्ही लिहायला बसलो नसतो. ते चुकीचे आहे, आणि आपल्या मुलांसाठी तर घातक आहे. कारण नेमके हेच उत्तर आपल्याबद्दल दिले जाते. बौद्ध वस्तीवर हल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'दोन गटांत वाद'. कोण कोणाच्या घरावर चालून गेले, पाणवठा कोणाच्या ताब्यात, जमीन कोणाच्या नावावर, पोलीस पाटील कोणाचा, हे सगळे त्या 'दोन गटां'त विरघळून जाते. आपली बातमी अशी लिहिली की आपण चिडतो. मग दुसऱ्याची बातमी आपल्या मुलांना तशीच का सांगायची?

बाबासाहेबांनी ती तशी सांगितली नव्हती. १९३६ सालचे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुन्हा उघडून पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या त्या भाषणात, अगदी सुरुवातीच्या भागात, आयर्लंड आहे. आयर्लंडच्या स्वराज्याची बोलणी चालू असताना राष्ट्रवादी नेते रेडमंड अल्स्टरच्या कार्सनला म्हणतात की हवी ती संरक्षणे मागा, आम्ही देतो. कार्सन ती संरक्षणे धुडकावून लावतो. आम्हाला तुमचे राज्यच नको, असे त्याचे उत्तर. बाबासाहेब विचारतात, अल्स्टरने अशी भूमिका का घेतली? आणि त्यांचे निदान असे की वरवर राजकीय दिसणाऱ्या या प्रश्नाच्या तळाशी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला सामाजिक प्रश्न होता, आणि तो जातीचाच प्रश्न होता. बाकी जगाला कळायला १९६८ उजाडावे लागले.

तेव्हा मुलांना सांगायची सुरुवात धर्मापासून करू नका. पोप मानणे न मानणे यावरून तिथे बंदुका निघाल्या नव्हत्या. सुरुवात जमिनीपासून करा. १६०९ पासून इंग्रज राजसत्तेने अल्स्टर प्रांतातल्या मूळ आयरिश लोकांच्या जमिनी काढून घेतल्या आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांना दिल्या. ज्याच्या हातून जमीन गेली तो कॅथलिक होता, ज्याला मिळाली तो प्रोटेस्टंट. पंथ ही त्या व्यवहाराची पाटी झाली. आठवीतल्या मुलाला हे कळते. जमीन गेलेल्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला तर लवकरच कळते.

दुसरी गोष्ट खडूने सांगा. फरशीवर एक मोठे वर्तुळ काढा, त्यात वीस मुले उभी करा. पंधरा जणांच्या हातात एका रंगाचा कागद, पाच जणांच्या हातात दुसऱ्या. मोठे वर्तुळ म्हणजे अखंड आयर्लंड. पाच जण म्हणजे प्रोटेस्टंट, थोडे, बहुमताच्या राज्याला घाबरलेले. १९१२ साली त्यांनी आयर्लंडच्या स्वराज्याविरुद्ध लाखो सह्यांचा करारनामा काढला, मग बंदुका आणल्या. आता त्याच फरशीवर, त्या पाच जणांभोवती, मोठ्या वर्तुळातलेच दोन जण आत येतील असे एक लहान वर्तुळ काढा. हे उत्तर आयर्लंड. १९२१ साली अल्स्टरच्या नऊ परगण्यांपैकी सहाच कापून घेतले, कारण नऊ घेतले असते तर बहुमत डळमळीत झाले असते. सहा घेतल्यावर प्रोटेस्टंट जवळपास दोन तृतीयांश झाले. कालपर्यंतचा अल्पसंख्य एका रेघेने बहुसंख्य झाला. आणि त्या बहुसंख्याने लहान वर्तुळातल्या दोघांना कसे वागवले?

इथे थांबा. मुलांना विचार करू द्या. बहुतेक मुले म्हणतात की ज्याला स्वतःला भीती वाटली तो दुसऱ्याला सांभाळून घेईल. तसे झाले नाही. अल्पसंख्य असणे हा काही सद्गुण नाही, ती एक जागा आहे, आणि जागा बदलली की माणसाचे वागणेही बदलू शकते. हे आपल्या चळवळीतल्या मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

आता घरांची यादी. या सगळ्या इतिहासातला हाच भाग मुलांना सर्वात नीट समजतो आणि हाच भाग प्रश्नमंजूषेत कधी येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत नव्हते. घर ज्याच्या नावावर, मग ते मालकीचे असो की भाड्याचे, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईबापाच्या घरात राहणारा पंचवीस वर्षांचा मुलगा, कोणाकडे खोली घेऊन राहणारा पोटभाडेकरू, यांना मत नाही. उलट कंपनीच्या मालकाला जास्तीची मते मिळू शकत, सहापर्यंत. सरकारी घरे वाटणार कोण? नगरपालिका. म्हणजे नगरपालिकेने एखाद्याला घर दिले की दोन मते दिली. मग विरोधकाला घर कोण देणार? डेरी शहरात कॅथलिक स्पष्ट बहुसंख्य होते, तरी वॉर्ड असे आखले होते की सभागृहात युनियनिस्ट १२ आणि नॅशनलिस्ट ८. कॅथलिकांना घरे दिलीच तर एकाच वॉर्डात कोंबून दिली जात, म्हणजे बाकीच्या वॉर्डांचे गणित बिघडायला नको. एका खोलीत तीन पिढ्या राहत होत्या त्या यामुळे. घरे कमी होती हे खरे, पण ती कमी घरे कोणत्या गणिताने वाटली जात होती ते पाहा.

जून १९६८ मध्ये टायरोन परगण्यातल्या कॅलेडन गावात एक नवे घर १९ वर्षांच्या एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला दिले गेले. ती एका युनियनिस्ट राजकारण्याच्या वकिलाकडे काम करत होती. लहान मुले असलेली कॅथलिक कुटुंबे तेव्हा यादीत ताटकळत होती, आणि शेजारच्याच घरात शिरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी बाहेर काढले होते. स्थानिक आमदार ऑस्टिन करी त्या तरुणीच्या घरात घुसून बसले. त्यांनाही बाहेर काढले गेले, पण बातमी देशभर गेली. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन असा पहिला नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. मागण्या काय होत्या? प्रत्येकाला एक मत. घरे गरजेप्रमाणे द्या. नोकरीत भेदभाव नको. वॉर्ड नीट आखा. संयुक्त आयर्लंड ही मागणी त्या यादीत नव्हती. हे मुलांना मुद्दाम सांगा, कारण पुढे या लोकांना देशद्रोही म्हटले गेले.

ही माणसे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे बघून शिकत होती. जानेवारी १९६९ मध्ये बेलफास्टहून डेरीला निघालेला विद्यार्थ्यांचा मोर्चा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाच्या धर्तीवर होता. बर्नटोलेट पुलाजवळ त्यावर दगड आणि दांडक्यांनी हल्ला झाला. त्यांच्यातल्याच बर्नाडेट डेव्हलिन एकविसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेत निवडून गेल्या. न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यांना दिलेली शहराची मानाची किल्ली त्यांनी पुढे ब्लॅक पँथरांकडे पाठवली. १९७२ साली मुंबईत ज्या पँथरवरून आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव उचलले, त्याच पँथरांकडे.

सरकारने काय केले ते थोडक्यात सांगितले तरी पुरे. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत मोर्चावर बंदी आणि लाठ्या. ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टमधली कॅथलिक गल्ली जाळली गेली. त्या गल्लीचे नाव बॉम्बे स्ट्रीट. साम्राज्याच्या काळात तिथे आपल्या शहरांची नावे रस्त्यांना दिली होती, शेजारी काश्मीर रोडही आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना धरपकड. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या घातल्या. तेरा जण ठार झाले, चौदावा पुढे मेला. त्यांत सहा मुले सतरा वर्षांची होती. काही आठवड्यांत एका न्यायमूर्तींनी सैनिकांना जवळपास निर्दोष ठरवणारा अहवाल दिला. खरा अहवाल यायला २०१० उजाडले, तेव्हा पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षे. ११ जुलै १९९७ ची घाटकोपरची रमाबाई नगर ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्या मुलांना हा भाग वेगळा समजवावा लागत नाही.

पण इथेच आपली खरी परीक्षा आहे. आतापर्यंतची गोष्ट आपल्याला आवडणारी होती. पुढची आवडणार नाही म्हणून ती गाळायची का? आमचे काही सहकारी म्हणतात, गाळा. मुलांचा लढ्यावरचा विश्वास डळमळतो. आम्हाला हे अजिबात पटत नाही. त्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसे मेली, आणि ती अवघ्या पंधरा लाखांच्या प्रदेशात. निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते. सर्वात जास्त माणसे मारली ती आयआरए आणि तिच्यासारख्या रिपब्लिकन संघटनांनी, साधारण दहातली सहा. त्याखालोखाल प्रोटेस्टंट बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, आणि साधारण दहातले एक माणूस सरकारी दलांच्या हातून मेले. २१ जुलै १९७२ ला आयआरएने बेलफास्टमध्ये दीड तासाच्या आत वीसएक बॉम्ब फोडले. बसस्थानकात, रस्त्यावर माणसे मेली, त्यांत मुले होती. ज्या बाजूची तक्रार खरी होती, त्याच बाजूच्या बंदुकांनी हे केले. दोन्ही वाक्ये एकाच दमात बोलता आली पाहिजेत. तक्रार खरी होती म्हणून बॉम्ब माफ होत नाही, आणि बॉम्ब फोडला म्हणून घरांची यादी खोटी ठरत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सनदशीर मार्गाचा आग्रह धरला तो अशाच जागी उभ्या राहिलेल्या समाजासाठी. त्याची दुसरी बाजूही मुलांना दिसली पाहिजे: सनदशीर मोर्चावर गोळ्या चालवणाऱ्या सरकारने दुसऱ्या दिवशी आयआरएकडे तरुणांची रांग लावून दिली.

आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे गरीब प्रोटेस्टंट. शँकिल रोडवरचा कामगारही ओलसर खोल्यांत राहत होता, संडास मागच्या अंगणात होता, आणि घर नसले तर मतही नव्हते. त्याला मिळाले काय? बेलफास्टच्या जहाजाच्या गोदीत कॅथलिकाच्या आधी काम, आणि आपण त्यांच्यापेक्षा वरचे ही भावना. १९२० साली त्याच गोदीतून हजारो कॅथलिक कामगारांना हाकलून दिले गेले होते, आणि हाकलणारेही कामगारच होते. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे मुलांना पुस्तकातल्या व्याख्येने कळत नाही, या उदाहरणाने कळते.

मग शांतता कशी आली? मने जुळली म्हणून आली, असे सांगू नका. १० एप्रिल १९९८ ला सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांना एकमेकांचे तोंड पाहायचे नव्हते. शांतता कागदावर लिहून आली. एका पक्षाला एकट्याने राज्य करता येणार नाही. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, दोन बाजूंचे दोघे, दोघांचे अधिकार सारखे, एक गेला तर दुसराही जातो. महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही बाजूंचे पाठबळ लागणार. ज्याला ब्रिटिश व्हायचे तो ब्रिटिश, ज्याला आयरिश व्हायचे तो आयरिश, ज्याला दोन्ही तो दोन्ही. देश कोणता राहील ते लोकांच्या मताने ठरणार. २२ मे ला सार्वमत झाले, उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होय म्हटले. असेच सत्तावाटप १९७३ च्या सनिंगडेल करारात होते, ते १९७४ च्या मे महिन्यात युनियनिस्टांच्या संपाने पाडले. चोवीस वर्षांनी त्याच टेबलावर यावे लागले. मधली प्रेते कोणाच्या खात्यावर मांडायची, याचे उत्तर अजून तिथे कोणी दिलेले नाही.

कराराच्या आधीही काही गोष्टी लिहून झाल्या होत्या, आणि आमच्या मते त्या कराराइतक्याच मोलाच्या. घरवाटप पालिकांच्या हातून काढून १९७१ साली स्वतंत्र हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे दिले, गरजेप्रमाणे गुण ठरले. १९८९ च्या कायद्याने खासगी मालकांनाही आपल्याकडे कोणत्या समाजाचे किती कामगार आहेत ते मोजून दरवर्षी कळवणे बंधनकारक झाले. खासगी क्षेत्रात, मित्रांनो. आपल्याकडे नुसता शब्द काढला तरी उद्योगपतींना घाम फुटतो. आणि पोलीस दल: कॅथलिक लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या पुढे, पोलिसांत कॅथलिक जेमतेम आठ टक्के. १९९९ च्या पॅटन आयोगाने सांगितले की दलाचे नाव बदला, चिन्ह बदला आणि भरती निम्मीनिम्मी करा. २००१ ते २०११ दहा वर्षे तशी भरती झाली आणि आठाचे तीस टक्के झाले. याला आपल्या भाषेत आरक्षण म्हणतात. तिथेही अन्याय अन्याय अशी ओरड झाली. २०११ ला ती भरती थांबली, आणि तेव्हापासून तो आकडा तिशीच्या आसपासच रेंगाळला आहे. आरक्षण किती वर्षे, असे विचारणाऱ्यांना मुलांनी हे सांगावे.

आणि हे सगळे होऊनही गोष्ट सुखान्त नाही. करारानंतर चार महिन्यांनी ओमा गावात करार न मानणाऱ्या गटाने बॉम्ब फोडला, २९ माणसे मेली. २००१ साली उत्तर बेलफास्टमध्ये होली क्रॉस या मुलींच्या प्राथमिक शाळेत जाणाऱ्या चार ते अकरा वर्षांच्या मुली आठवड्यामागून आठवडे शिव्यांच्या आणि फेकलेल्या वस्तूंच्या मधून, पोलिसांच्या रांगांतून, आईचा हात धरून शाळेत गेल्या. एके दिवशी त्या रस्त्यावर बॉम्बही फेकला गेला. सावित्रीमाईंच्या अंगावरचे शेण ज्या मुलींना माहीत आहे, त्यांना ही हकिकत सांगताना आवाज चढवायची गरज नाही. शाळा अजूनही बहुतांशी वेगळ्या आहेत. दोन्ही समाजांची मुले मुद्दाम एकत्र शिकतील अशी पहिली शाळा, लेगन कॉलेज, १९८१ साली २८ मुलांवर सुरू झाली. आजही अशा शाळांत दहातले एक मूलही जात नाही. विधानसभा पुन्हा पुन्हा बंद पडते. शहराचे नाव डेरी की लंडनडेरी, यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते आजही ओळखतात. नामांतराची सोळा वर्षे पाहिलेल्या आपल्या माणसांना नावाचे मोल सांगायला नको.

लहान मुलांना हे का सांगायचे, त्यांचे बालपण का नासवायचे, असे विचारणारे भेटतातच. उत्तर आयर्लंडमध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहाव्या वर्षापर्यंत साधारण सहातले एक मूल दुसऱ्या समाजाबद्दल द्वेषाचे वाक्य बोलत होते. कोणी वर्ग घेऊन शिकवले नव्हते. झेंडे, गल्ल्यांची तोंडे, घरातली कुजबुज यांनी शिकवले. तिकडे माणसाचे आडनाव, शाळा, फार काय 'एच' या अक्षराचा उच्चार ऐकून त्याचा समाज ओळखतात. आपल्या मुलाला नव्या शाळेत पहिल्या दिवशी काय विचारतात? पूर्ण नाव सांग. पूर्ण! मुलाला तेवढ्यात कळते. त्याला जे कळले आहे त्याला शब्द द्यायचे की नाही, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

तेव्हा या वर्षीच्या जयंतीच्या अभ्यासवर्गात खडू, दोन वर्तुळे आणि कॅलेडनचे घर एवढे सामान घ्या. गोष्ट झाली की मुले एक प्रश्न हमखास विचारतात: मग मधल्या भिंती का पाडत नाहीत? बॉम्बे स्ट्रीटच्या मागे आजही उंच भिंत उभी आहे, सरकारने २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढायचे ठरवले होते आणि त्या निघाल्या नाहीत, हे खरे ते सांगा. भिंतीला लागून ज्यांची घरे आहेत त्यांच्यातल्या अनेकांना ती अजून हवी आहे, रात्री दगड येऊ नये म्हणून. आणि मग मुलांना घरचा अभ्यास द्या. आपल्या वस्तीला ही जागा कोणी दिली, कोणत्या साली, गावाच्या कोणत्या दिशेला, आणि तेव्हा यादी कोणाच्या हातात होती, हे आजीला विचारून वहीत लिहून आणा.

जय भीम.